केबिनकडची फळी

१

ऑरिननं दिलेल्या गाडीत कौतुक करण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे ती सुरू व्हायची. ऑरिन माझा धाकटा भाऊ. जन्मभर त्यानं टपाल वाटलं आणि सुट्टीच्या दिवशी सुतारकाम केलं. त्याच्या त्या उद्योगाला सुतारकाम म्हणणं हा मी आमच्या आईच्या आठवणीला दिलेला मान आहे. मी स्वतः चाळीस वर्षं लोकांची कपाटं केली, त्यामुळे मला बोलायचा हक्क आहे.

गाडी म्हणजे पिकअप. मागच्या हौद्यावर टप बसवलेला आणि आत झोपायची सोय. आमच्या पूर्व ऑरेगनमध्ये दर दोन घरांआड अशी एक उभी असते. तरुण लोक तिच्यातून एल्क हरणांच्या शिकारीला जातात आणि म्हातारे बर्फ पडायच्या आत ॲरिझोना गाठतात. माझ्या बायकोची, व्हर्नाची, बहीण तिकडेच असते. या हिवाळ्यात तिच्याकडे जायचं म्हणून व्हर्नानं वर्षभर माझं डोकं खाल्लं होतं.

"गुडघे गेले, लाईल. आता वर चढवत नाही," किल्ली देताना ऑरिन म्हणाला.

मी हौद्याचा मागचा फाळका खाली पाडला, आत पाहिलं आणि हसू आवरेना. सगळं पक्कं ठोकलेलं. पिकअपमध्ये काहीही पक्कं करायचं नसतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. शुक्रवारी झोपायचं, सोमवारी त्याच हौद्यात गवताचे भारे टाकायचे. तेव्हा पलंग, खण, चुलीचा ओटा, सगळं हातानं सुटून बाहेर निघालं पाहिजे, आणि तेही एकाही हत्याराशिवाय. त्यासाठी दोन कानांचे नट मिळतात, बोटांनी फिरवायचे. हा माझा कायदा आहे. ज्याच्या कामाला हत्यार लागतं त्याला काम येत नाही.

ऑरिनचा पलंग तर उलटा होता. सगळं जग पुढं, ड्रायव्हरच्या केबिनकडे डोकं करून झोपतं, याची उशी फाळक्याकडे. आणि केबिनच्या टोकाला आडवी एक जाड फळी. सरस लावलेली आणि वर इतके स्क्रू मारलेले की लाकूड शोधावं लागत होतं. ती काढण्यात माझी अख्खी सकाळ गेली. मागं काय निघालं? काही नाही. वितीपेक्षा कमी फट आणि तिच्या पलीकडे हौद्याचा पत्रा. मेलेला उंदीरसुद्धा नव्हता.

फळी उलटी केली तर स्क्रूंची टोकं मागून आरपार बाहेर आलेली. कापून कानस मारायचीही अक्कल नाही, असं मी म्हणणार होतो, तेवढ्यात मधली काही टोकं दिसली. ती झिजलेली होती. शर्टाच्या बटणासारखी गोल आणि गुळगुळीत. पत्र्यावर घासली असतील म्हणून मी मोजून पाहिलं. टोकं पत्र्यापर्यंत पोचतच नव्हती.

मग त्यानंच कानस मारायला घेतली असेल आणि कंटाळून सोडली असेल. ते ऑरिनला शोभण्यासारखं होतं. मी फळीचे तुकडे केले आणि शेकोटीसाठी ठेवले.

२

माझं काम सांगतो, म्हणजे फरक कळेल. पलंगाचे तीन भाग, एकेक उचलून बाहेर निघणारे. खाली दोन लांब खण, एकात कपडे, एकात भांडी. चुलीचा ओटा फाळक्याशी, बाहेर सरकणारा. केबिनकडे एक हलकी फळी, तिच्यावर व्हर्नाच्या वस्तूंसाठी कापडी खिसे. मागची फट तशीच ठेवली, कारण हवा खेळली नाही की टपात दव धरतं. ऑरिनला हे माहीत असायचं कारण नाही.

या फळीचे नट मी मागच्या बाजूला घेतले. पुढं घेतले असते तर त्यांचे कान उशीला लागले असते, केसात अडकले असते. चांगला कारागीर नट नेहमी माणसाच्या उलट बाजूला ठेवतो. आतून पाहिलं तर गुळगुळीत फळी. काढायची वेळ आली की टपाच्या बाजूच्या खिडकीतून फटीत हात घालायचा आणि फिरवायचे.

आमच्या स्वयंपाकघराची आणि गॅरेजची भिंत एकच आहे. जेवण झालं की व्हर्ना शिवताना बोटात घालायच्या टोपणानं ती वाजवते. दोनदा, मग थांबून एकदा. त्या दिवशी मीच तिला भिंत वाजवून बोलावलं.

ती गोधडी घेऊन आली. गोधड्या शिवणं हा तिचा नाद. सुईनं तिच्या बोटांची टोकं खरखरीत झाली आहेत, हात धरला की किसणी धरल्यासारखं वाटतं.

"झोपून बघ," मी म्हटलं. "केबिनकडे डोकं कर. ऑरिनसारखं उलटं नको."

ती आडवी झाली. "पाठीला बरं वाटतंय रे. पण डोक्याला गार लागतंय."

"हवा खेळतेय."

"हवा नाही. कुणी श्वास आत ओढला की कसं वाटतं, तसं."

"श्वास बाहेर सोडला तर वारं लागतं, व्हर्ना. आत ओढला तर नाही."

"तेच तर म्हणतेय," ती म्हणाली, आणि उठून बसली.

बायकांशी हवेवर वाद घालू नये. मी तिला एक उशी जास्त दिली.

३

दुसऱ्या दिवशी सहज फटीत हात घातला तर नट सैल. एक नाही, सगळे. आणि पडलेला एकही नव्हता. प्रत्येक नट शेवटच्या आट्यापर्यंत फिरवून तिथंच सोडलेला.

धक्क्यांनी नट सैल होतात हे खरं. पण गाडी गॅरेजातून हललीच नव्हती. मग मी नटांना दोष दिला. आजकालचा माल कचरा असतो, आटे धड पाडलेले नसतात. खाली स्प्रिंगचे वायसर टाकले आणि बोटं दुखेपर्यंत आवळले.

पुढच्या वेळी पाहिलं तर फळीच सुटलेली. गादीवर सपाट ठेवली होती, कोपऱ्याला कोपरा जुळवून. शेजारी बोल्ट एका ओळीत, प्रत्येकाचा नट ज्याच्या त्याच्यावर परत चढवलेला, म्हणजे हरवायला नको.

ही माझी सवय आहे. सुटलेला नट त्याच्याच बोल्टवर चढवून ठेवायचा, हे मी कितीतरी शिकाऊ पोरांना ओरडून सांगितलं आणि एकाच्याही डोक्यात शिरलं नाही.

"तू फळी काढलीस?" मी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं.

"मी कशाला काढू? मला ते कानाचे नट फिरवता येतात का?"

तेही खरं. व्हर्ना बरणीचं झाकणसुद्धा माझ्याकडून उघडून घेते, आणि नीट ओळीत ठेवणं हे तर तिच्या रक्तातच नाही. म्हणजे फळी मीच काढली होती आणि मीच विसरलो होतो. दुसरा अर्थ निघत नव्हता. म्हातारपणाचा मला राग आला, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. काम तरी नीट ठेवलं होतं.

फळी परत बसवताना फटीत हात घातला तेव्हा मात्र एक क्षण वाटलं की पत्रा जरा लांब गेलाय. माझा हात कोपरापर्यंत आत गेला होता. पत्रा बोटांना लागत नव्हता.

मी हात बाहेर काढला आणि फूटपट्टी घातली. वितीपेक्षा कमी. जसं होतं तसंच. मी स्वतःलाच एक शिवी दिली.

४

निघायच्या आदल्या दिवशी ऑरिन आला. शेजारचा क्लिफ आधीच बिअर घेऊन बसला होता, तेव्हा मी म्हटलं, चला, दोघांनाही काम कशाला म्हणतात ते दाखवू. पलंगाचा एक भाग उचलून बाहेर काढला, खण काढला, परत बसवला. क्लिफनं शिट्टी मारली.

ऑरिन फाळक्यापाशी उभा राहिला. वर चढला नाही. त्याला फक्त केबिनकडचं टोक दिसत होतं.

"माझी फळी कुठंय?"

"शेकोटीत जाणार आहे. तेवढीच तिची लायकी."

"लाईल, तू... नट कुठल्या बाजूला आहेत?"

"मागच्या. अर्थात."

त्याचा चेहरा उतरला. तो बोलण्यापूर्वी ओठ हलवतो, लहानपणापासूनची खोड आहे. "पुढं घे," तो म्हणाला. "आपल्या बाजूला घे. आणि व्हर्नाचं डोकं तिकडे नको."

"का? तिथं काय आहे?"

"मला माहीत नाही. मी कधी पाहिलं नाही. मी फक्त—"

"तू फक्त अख्ख्या दुकानातले स्क्रू एका फळीत मारलेस!" मी म्हटलं. "क्लिफ, याला वाटतं पत्रा पळून जाईल."

क्लिफ खो खो हसला. मीही हसलो. ऑरिनचे ओठ आणखी थोडा वेळ हलले आणि मग थांबले. मी हसलो की तो गप्प होतो, हे मला सात वर्षांचा असल्यापासून माहीत आहे, आणि ते मला नेहमीच सोयीचं पडलं आहे.

जाताना त्यानं फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी फाळक्यावर ठेवलं. स्क्रूंचं एक खोकं आणि त्याचा जुना स्क्रू ड्रायव्हर, लाकडी मुठीचा. मी ते परत फेकणार होतो. व्हर्नानं उचललं आणि भांड्यांच्या खणात टाकलं.

"राहू दे ना. एवढं प्रेमानं दिलंय."

"माझ्या गाडीत हत्यार लागत नाही."

"माहितेय रे बाबा. सगळ्या गावाला माहितेय."

५

पहिला मुक्काम धरणावर केला. ऑक्टोबर असल्यानं दुसरं कुणी नव्हतं. चहूकडे सेजची खुरटी झुडपं, पाणी उतरलेलं आणि काठाला भेगाळलेला चिखल. दुपारी व्हर्नानं बीन्सचा डबा उघडताना बोट कापून घेतलं. पट्टी सापडेना, म्हणून तिनं माझ्या रंगकामाच्या निळ्या टेपचा तुकडा गुंडाळला.

"ती टेप भिंतीसाठी असते," मी म्हटलं.

"मग मला भिंत समज," ती म्हणाली, आणि जेवून आत जाऊन झोपली.

मी फाळक्याच्या समोर खुर्ची टाकून कॉफी करत होतो. ऊन होतं, वारा पडला होता. म्हणूनच तो आवाज इतका स्पष्ट आला. कोरड्या आट्यावर नट फिरताना एक बारीक कुरकुर येते. मी ती जन्मभर ऐकली आहे. झोपेतही ओळखेन.

"नटांना हात लावू नकोस," मी ओरडलो.

"मी नाही लावत," आतून व्हर्ना झोपाळू आवाजात म्हणाली. मग थोड्या वेळानं, "लाईल, जरा इकडे ये ना."

"काय झालं?"

"मागं कुणीतरी आहे."

"मागं पत्रा आहे, व्हर्ना."

"लाईल, ये ना. लवकर ये."

कॉफी उकळत होती. आता या बाईचे पुढच्या हजार मैलांत काय काय लाड करावे लागणार, असं माझ्या मनात आलं. मी कॉफी गाळली, कपात ओतली आणि पहिला घोट घेतला. गरम होती, म्हणून सावकाश प्यालो. आतून पुन्हा आवाज आला नाही. झोपली असेल, मला वाटलं.

कप रिकामा झाल्यावर मी गुडघ्यांवर आत गेलो. गादीवर गोधडी होती आणि गोधडीखाली कुणी नव्हतं. उशी ऊबदार होती. फळी जागेवर होती, पण एका कोपऱ्याला किंचित पुढं आलेली, घाईत बसवल्यासारखी. मी असं कधीच बसवत नाही.

"काय शोधतोयस?"

व्हर्ना बाहेर उभी होती, फाळक्याशी, माझ्या खुर्चीच्या मागं. उन्हात ती अगदी नेहमीसारखी दिसत होती.

"तू बाहेर कधी आलीस?"

"आत्ताच."

मी सारा वेळ फाळक्यासमोर बसलो होतो. त्या हौद्याला दुसरं दार नाही. डुलकी लागली असेल, मी स्वतःला सांगितलं. कॉफी पिताना माणसाला डुलकी लागते का, हे विचारायचं मी टाळलं.

तेवढ्यात फळी हलली. पुढं आलेल्या कोपऱ्यावरून, मागच्या बाजूनं, चार बोटं आली. ज्या फटीत वितीभरही जागा नव्हती, त्या फटीतून. ती फळीची कड चाचपत होती आणि त्यांतल्या एकाला काहीतरी निळं होतं. एवढंच मी पाहिलं. नीट पाहायला कोण थांबतो? मी किंचाळलो, खांद्यानं फळी मागं रेटली आणि बोटं आत गेली.

"स्क्रू!" मी ओरडलो. "ऑरिनचे स्क्रू दे!"

खोकं आणि स्क्रू ड्रायव्हर तिनं माझ्या हातात ठेवलासुद्धा होता.

मी स्क्रू मारत सुटलो. फळीतून चौकटीत, पुढच्या बाजूनं, एकाशेजारी एक. पलीकडून धक्के येत होते, त्यात जोर फारसा नव्हता. ती एकामागून एक स्क्रू पुढं करत होती, न थांबता, न बोलता, आणि प्रत्येकाचं टोक माझ्याकडे न करता डोकं माझ्याकडे करून, जसं मी शिकाऊ पोरांना करायला सांगायचो. खोकं संपलं तेव्हा धक्के थांबले होते. घाबरलो होतो, कबूल करतो, पण जिंकल्यासारखंही वाटत होतं. माझी बायको बाहेर होती आणि जे काही होतं ते आत.

६

सामान आवरलंच नाही. चमचे, सुरी, डब्याचा ओपनर, सगळं काठावरच राहिलं. गाडी सुरू केली आणि घराची वाट धरली. व्हर्ना शेजारी बसली होती, मांडीवर हात ठेवून. बराच वेळ खडीचा रस्ता. मी बोलत होतो. पत्र्याला कुठंतरी भोक असेल, रॅकून शिरलं असेल, रॅकूनचे पंजे माणसाच्या हातासारखे दिसतात, ऑरिनला एवढंसं सांगता आलं नाही का. ती ऐकत होती. मी ऑरिनला नावं ठेवली की व्हर्ना त्याची बाजू घेते. आज घेतली नाही. हसली.

मग तिनं माझा हात धरला.

हात मऊ होता. बोटांची टोकं गुळगुळीत होती, गोल, बटणासारखी. सुईचा एक खरखरीत ठिपका नव्हता.

मी समोर पाहत विचारलं, "बोटाची टेप कुठं गेली?"

"कुठली टेप?"

मागून आवाज आला. माझ्या पाठीमागं केबिनचा पत्रा आहे, त्यामागं हौद्याचा, त्यामागं फट. दोनदा ठोकल्याचा, मग थांबून एकदा.

मी ब्रेक दाबला. गाडी रस्त्यात आडवी थांबली. दार उघडून मी मागं धावलो, फाळका पाडला, भांड्यांचा खण उपसला. स्क्रू ड्रायव्हर नव्हता. कपड्यांचा खण उपसला. गोधडी झटकली. शेवटी तिच्या खिडकीशी गेलो.

"स्क्रू ड्रायव्हर कुठंय?"

"पाण्यात टाकला," ती म्हणाली. तिचे ओठ बोलण्यापूर्वी किंचित हलले, जणू कुणाचीतरी लकब करून पाहत होती. "तुझ्या गाडीत हत्यार लागत नाही ना?"

रस्त्यावर दोन्ही बाजूंना फक्त सेज होतं. सगळ्यात जवळचं हार्डवेअरचं दुकान घराशेजारी. माझ्या खिशात चाकू नाही, गाडीत पाना नाही, पहारही नाही. मीच ती सगळी काढून गॅरेजात भिंतीला टांगली आहेत, ओळीत, आकारानं लावून.

मी पुन्हा आत रांगत गेलो. "व्हर्ना," मी फळीला तोंड लावून म्हटलं, "मी आलोय. काढतोय." पलीकडून टकटक झाली, अगदी हलकी, आधीपेक्षा लांबून आल्यासारखी. मी लाथा घातल्या. फळी हलली नाही. चांगलं प्लायवूड होतं, मी स्वतः निवडलेलं. मग पहिल्या स्क्रूच्या डोक्यावर अंगठा आणि बोट दाबून मी फिरवायला सुरुवात केली. नख गेलं. कातडी गेली. केबिनमध्ये ती काहीतरी गुणगुणत होती.

स्क्रू फिरेना. फिरणार कसा? चाळीस वर्षं काम केलंय, माझ्या हातचा स्क्रू कधी ढिला राहत नाही.